नळ बंद पडल्यास आधी अडथळा शोधा

भातसा नदीकाठच्या खडवली परिसरात थंडीने नळातले पाणी गोठत नाही. इथे नळ बंद पडतो तो गाळ, गंज किंवा पाईपमध्ये अडकलेली हवा यांमुळे. तरीही पुष्कळ शेतकरी बंधू प्रथम कुदळ घेऊन पाईप उकरतात. तसे करू नये.

टाकीत पाणी आहे व कॉक पूर्ण उघडा आहे, याची खात्री करावी. मग टाकीजवळच्या नळापासून सुरुवात करून एकेका नळाखाली 15 लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहावे. एकच नळ मंद असल्यास दोष बहुधा त्याच्या चकतीत किंवा जाळीत असतो. सगळेच मंद असल्यास टाकीचे तोंड गाळाने भरले आहे का, ते पाहावे. काही अंतरापासून पुढचे नळ मंदावल्यास शेवटचा चांगला व पहिला मंद नळ यांमधला तुकडाच उघडावा. उंचावरचा नळ मुळातच मंद असतो, तो हिशेबात धरू नये.

टाकी धुतल्यावर लगेच पाणी बंद झाले, तर हवा अडकल्याचा संशय घ्यावा. पाईप जिथे कुबडासारखा वर उठतो तिथे हवा साठते. 3 मीटर उंचीच्या टाकीचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर जेमतेम 0.3 किलो, तेवढ्याने ती सरकेलच असे नाही. तिथला सांधा सैल करून हवा सोडावी.

सांधा उघडताना पावसाळ्यात चिखल आत जातो. म्हणून काम झाल्यावर टाकीत 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून, निवळलेले पाणी ओतावे. नळांना क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडावे व अर्धा तास नळ बंद ठेवून मगच पिण्यास घ्यावे.