प्रसिद्धीपत्रक आणि पुनरुक्तिदोष

अभ्यासासाठी ग्रंथ कसा निवडावा हे सांगताना चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ‘तो पुनरुक्तिदोषापासून मुक्त असावा’ अशी अपेक्षा केली आहे. याच अध्यायात पुढे शब्दपुनरुक्त व अर्थपुनरुक्त असे दोन भेदही येतात. चिकित्सालयाचे अथवा फार्मसीचे संकेतस्थळ चालविणाऱ्या वैद्यबंधूंनी हा अध्याय नव्याने वाचावा, असे आम्हांस अनुभवाने वाटू लागले आहे.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्याचे प्रसिद्धीपत्रक आम्ही जसेच्या तसे आमच्या संकेतस्थळावर घातले. मधुमेह समूळ बरा होतो, असे एक वाक्य त्यात होते. पुढे निर्मात्याने आपल्या पानावरून ते काढले. आमच्या पानावर ते तसेच राहिले. एके दिवशी आमचे एक जुने रुग्ण त्या पानाची छापील प्रत घेऊन आले. रात्रीची गोळी त्यांनी स्वतःहून बंद केली होती आणि रक्तशर्करा बरीच वाढली होती. “तुमच्याच पानावर लिहिलं आहे ना, वैद्यराज?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

शोधयंत्राची दृष्टी

समान मजकुरामुळे संकेतस्थळास ‘दंड’ होतो, असा समज आहे. फसवणुकीचा हेतू नसल्यास असा दंड होत नाही, हे गूगलने २००८ मध्येच स्पष्ट केले होते. शोधयंत्र सारखी पाने एकत्र करून त्यांतील एक प्रातिनिधिक पान दाखविते. पत्रक दहा ठिकाणी असेल, तर आपले पान बहुधा झाकले जाते. मात्र बहुतांश मजकूर उसना असेल, तर संपूर्ण संकेतस्थळाचेच मूल्य घसरू शकते. फेब्रुवारी २०११ मधील गूगलच्या ‘पांडा’ बदलानंतर अनेकांनी याचा अनुभव घेतला.

कायद्याची दृष्टी

औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. अनुसूचीतील व्याधी बरी करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीच्या प्रकाशनात कोणीही भाग घेऊ नये, असे कलम ३ सांगते. त्यामुळे ‘शब्द दुसऱ्याचे होते’ हा बचाव लंगडा ठरतो.

पथ्य

१. पत्रक आपलेच असल्यास ते प्रथम आपल्या संकेतस्थळावर तारखेसह द्यावे, नंतर वृत्तपत्रांकडे पाठवावे.

२. पत्रक इतरांचे असल्यास दोन-तीन ओळींत सार सांगून मूळ पानाचा दुवा द्यावा. त्याखाली अधिकारी रुग्ण कोण, मात्रा, अनुपान व निषेध यांविषयी स्वतःचे मत लिहावे. आपल्या पानाचे खरे मूल्य या भागातच असते.

३. शासकीय सूचनेसारखा मजकूर पूर्ण ठेवणे आवश्यक असल्यास त्या पानास ‘नोइंडेक्स’ खूण लावण्यास संकेतस्थळ तयार करणाऱ्यास सांगावे. रुग्णास ते पान वाचता येते. शोधयंत्र त्याची नोंद घेत नाही.

४. त्रैमासिकाचा अंक हाती येताच आपली जुनी पाने एकदा तपासावीत. मूळ पत्रकात बदल झाला असेल, तर आपल्या पानावरही तो त्याच दिवशी करावा.

दुसऱ्या वैद्याची चिठ्ठी आपण आपल्या रुग्णास न तपासता देत नाही. प्रसिद्धीपत्रकाच्या बाबतीतही तोच नियम पाळावा, इतकेच आमचे सांगणे आहे.