दुकानात जाताना मराठी पान घेऊन जा

दृष्टी कमी व्हायला लागली की भोवतीची माणसं आधी नेत्रतज्ज्ञ सुचवतात, मग काढे, मग कुणाच्या तरी गावचा, हाताला गुण असलेला माणूस. हे सगळं करून झालं की एके दिवशी भाचा किंवा पुतण्या मोबाइल पुढे धरून म्हणतो, “मावशी, आता सगळं वाचून दाखवणारं यंत्र आलंय.” इथून खर्चाचा दुसरा अध्याय सुरू होतो. मला सांगायचंय ते या अध्यायाबद्दल.

माझा आजार रेटिनायटिस पिगमेंटोझा. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दोन्ही बाजूंनी अंधार आत सरकत येतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे, त्यामुळे छापील अक्षर हेच माझं पोट. पुस्तक नाकाला लावूनही ओळ सापडेना, तेव्हा एका विक्रेत्याकडून वाचनयंत्र घेतलं. टेबलावर ठेवायचा कॅमेरा, त्याखाली पान, एक बटण, की यंत्र बोलतं. दुकानात त्याने इंग्रजी वर्तमानपत्र ठेवून दाखवलं. बातमी आकाशवाणीवर ऐकावी तशी आली. मराठीचं विचारलं तर म्हणाला, “मॅडम, भारतातल्या सगळ्या भाषा वाचतं.” घरी आल्यावर दिवाळी अंक ठेवला. यंत्राने डाव्या रकान्याची एक ओळ वाचली, मग तिला लागूनच उजव्या रकान्याची, मग पुन्हा डाव्याची. मधल्या चौकटीतली साड्यांची जाहिरात कथेच्या ऐन प्रसंगात शिरली. आवाज हिंदी. ‘चमचा’, ‘जहाज’, ‘चूल’ हे शब्द आपण जिथे दाताजवळ म्हणतो तिथे तो टाळूला लावायचा. पाच मिनिटं हे करमणुकीसारखं वाटतं. तासभर ऐकलं की डोकं धरतं. विक्रेता परत घ्यायला तयार नव्हता. सॉफ्टवेअर नवं आलं की टाकून देऊ, एवढंच म्हणाला.

म्हणून पहिली गोष्ट. यंत्र असो, चष्मा असो की ॲप, दुकानात जाताना आपलं मराठी पान बरोबर न्या. एक नाही, तीन न्या: एक पाठ्यपुस्तकातलं स्वच्छ पान, एक दिवाळी अंकातलं दोन रकान्यांचं, आणि एक खिळ्यांच्या छपाईच्या काळातलं, पिवळं पडलेलं, तळटिपा असलेलं. तिसरं पान कुठलंच यंत्र नीट वाचणार नाही, पण ते कसं अडखळतं हे कळलं पाहिजे. विक्रेता “हे पान खराब आहे” म्हणाला तर त्याला सांगा की आमच्या वाचनालयात अशीच पुस्तकं आहेत.

पुढे टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी ओळख झाली. जन्मापासून अंध, बोटांनी ब्रेल वाचत वाढलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. माझी यंत्राची कहाणी ऐकून ते म्हणाले, “तुम्ही घोडा विकत घेतला बाई, पण रस्ता आहे का ते पाहिलंच नाही.” त्यांचं म्हणणं असं, की पुस्तक आपल्याला कशा रूपात मिळतं यावर सगळं अवलंबून असतं; वाचणारं साधन त्यानंतर. आज तेच मी दुसऱ्यांना सांगते.

संगणकावरच्या मराठी पुस्तकाची तीन रूपं असतात आणि ती डोळ्यांना सारखीच दिसतात. पीडीएफ उघडा, एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा किंवा माउसने तो निवडा, आणि दुसरीकडे चिकटवा. काहीच निवडलं गेलं नाही तर ते पानाचं छायाचित्र आहे. पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी तो कोरा कागद. निवडलं गेलं, पण चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा उतरला, तर पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये बांधलेलं आहे. मराठी शब्द मराठीच उतरला तर ते युनिकोड. तेवढंच पुस्तक आपलं.

या मधल्या प्रकाराने मराठी अंध वाचकांचा जेवढा घात केला आहे, तेवढा दुसऱ्या कशाने केला नसेल. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘भारत’ लिहायचं तर संगणकाच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं जातात. कागदावर ‘भारत’ सुरेख उमटतो. पण पडदावाचक, म्हणजे स्क्रीन रीडर, कागद बघत नाही, पोटातलं वाचतो. त्यामुळे तो ‘भारत’ऐवजी ‘हक्कजर’सारखं काहीतरी बडबडतो. श्रीलिपीच्या जुन्या फाइलींतही रोग तोच, फक्त अक्षरांची वाटणी निराळी. म्हणून एका फॉन्टचं रूपांतर करणारं साधन दुसऱ्याला चालत नाही. शिक्षकांच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सोसायटीची परिपत्रकं, लग्नपत्रिका, सगळीकडे हा प्रकार अजून सापडतो. पाठवणाऱ्याला कळतच नाही की त्याने आपल्याला काही वाचण्याजोगं पाठवलेलं नाही. त्याच्या पडद्यावर तर सगळं मराठीच असतं.

पीडीएफ म्हणजे पानांचं नुसतं छायाचित्र असेल तर त्यातून अक्षरं ओळखून काढावी लागतात. त्याला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर मिळतो, आणि घरगुती कामाला मला हाच मार्ग सोपा वाटतो. मात्र निघालेला मजकूर तसाच विद्यार्थ्याच्या हाती देऊ नका. जुन्या छपाईतला ‘ख’ हा ‘रव’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ जागा बदलतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. ओळीच्या शेवटी छोटी रेघ देऊन तोडलेले शब्द तुटलेलेच राहतात, आणि पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव दर पानाला वाक्याच्या मधोमध ऐकू येतं. कथा-कादंबरीत कान हे सावरून घेतो. व्याकरणाच्या पुस्तकात सावरून घेता येत नाही, कारण तिथे चुकीचं रूपच नियम म्हणून ऐकू येतं. आकड्यांचं तर विचारू नका. देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत झाली की लेखकाचं जन्मसालच बदलतं. परीक्षेसाठी वापरायचा मजकूर असेल तर डोळस माणसाने मूळ पानाशी ताडून पाहिलाच पाहिजे. निदान सगळे आकडे आणि विशेषनामं तरी.

साधनांवर फार लिहीत नाही, कारण खर्चाची बाब इथे संपते. विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए हा पडदावाचक मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला सुरुवात केली, पुढे जेम्स तेह सोबत आले, तेही दृष्टिहीन. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो. टिनाच्या डब्यातून आल्यासारखा, पण शब्दाशी इमानदार. काका तो एवढ्या वेगाने ऐकतात की मला पावसाच्या सरीसारखा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये पडदावाचकाचं काम करणारं टॉकबॅक आधीपासूनच असतं. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबून ते चालू-बंद करता येतं. त्यासाठी गूगलचा मराठी आवाज सेटिंगमध्ये जाऊन आधी उतरवून घ्या, नाहीतर मराठी मजकूर आला की फोन मुका होतो किंवा हिंदी सुरात सुरू होतो. ई-पुस्तक विकत घेण्याआधी फुकटचा नमुना उतरवा आणि टॉकबॅक लावून पाहा. काही दुकानांची पुस्तकं दिसतात, पण बोलत नाहीत.

आता हक्काचं. छापील पुस्तक स्कॅन करून मजकूर काढणं ही चोरी आहे का, अशी धाकधूक पुष्कळांना असते. आमच्या एका शिक्षकमित्राने या भीतीपोटी विद्यार्थ्याला फाइल द्यायचं टाळलं होतं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यातलं कलम ५२ (१) (झेडबी) सांगतं, की अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करणं, आणि खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी दुसऱ्या अपंग व्यक्तीला ती देणं, हा कॉपीराइटचा भंग नाही. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही नफा न घेता हे करता येतं. प्रत बाजारात फिरणार नाही याची काळजी मात्र त्यांनी घ्यायची. ती फाइल व्हॉट्सॲपच्या साहित्यप्रेमी गटात टाकली तर हे कलम तुमच्या पाठीशी उभं राहणार नाही. मोरोक्कोतल्या माराकेश शहरात २०१३ मध्ये झालेल्या करारामुळे अशा प्रती देशांच्या सीमा ओलांडूनही देता येतात. त्या कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आहे.

त्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. डेझी फोरम ऑफ इंडिया, त्यातल्या सदस्य संस्था, केंद्राचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांचं हे काम. सभासद व्हायला अपंगत्वाचा दाखला लागतो. अमेरिकेतलं बुकशेअर २००२ पासून चालू आहे, तिथेही भारतीयांना सभासद होता येतं. इंग्रजी पुस्तकं भरपूर मिळतील. मराठीत शोधताना धीर ठेवा आणि लेखकाचं नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहून पाहा. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र, या दोन्ही ठिकाणी माणसं मराठीत बोलून समजावतात. यंत्र घेण्याआधी तिथे फोन करा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढलं नसेल तर ते आधी काढा, कारण जिथे जाल तिथे तेच मागतात. केंद्राच्या ॲडिप योजनेतून उपकरणं मिळतात, उत्पन्नाची अट असते.

आणखी एक. ही ग्रंथालयं फक्त अंधांची नाहीत. माराकेश करारात डिस्लेक्सिया असलेली माणसंही येतात, आणि हात अधू असल्यामुळे पुस्तक धरता किंवा पान उलटता न येणारीही. ‘आमचा मुलगा आंधळा थोडाच आहे’ म्हणून परत फिरलेले आईबाप मी पाहिलेत.

आता घरच्यांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी थोडं, पुस्तक ध्वनिमुद्रित करणार असाल तर. सबंध पुस्तकाची एकच लांबलचक फाइल करू नका. प्रकरणागणिक वेगळी करा, नावाआधी क्रमांक द्या. पानाचा आकडा बोला, वर्गात “पान ४२ काढा” म्हणतात तेव्हा तो लागतो. तळटीप जिथे येते तिथेच सांगा आणि ती संपली की तसं सांगा. नाट्यवाचन करू नका. एका मुलीने मला समीक्षेचा ग्रंथ इतक्या भावपूर्ण आवाजात वाचून दिला, की लेखकाचा मुद्दा कुठला आणि तिचा गहिवर कुठला हे निवडताना मी दमले. नीट बांधलेल्या डेझी पुस्तकात प्रकरण, पोटविभाग, पान यांवर उडी मारता येते. जमलं तर तेच करून घ्या.

फोनवरच्या नव्या बुद्धिमान सहायकांची मी रोजची गिऱ्हाईक आहे, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल सावध आहे. जुनं ओसीआर अडखळलं की कळायचं, कारण ते कचरा बोलायचं. हे नवे सहायक अडखळत नाहीत. पान अंधूक असेल तिथे अदमासाने भरून देतात, तेही शुद्ध मराठीत. वर्षानुवर्षं शिकवलेल्या एका कवितेचं पान मी असंच दाखवलं, तर उत्तरात दोन ओळी अशा आल्या की त्या त्या कवितेत नाहीतच. वृत्तात मात्र बसत होत्या. कविता पाठ होती म्हणून पकडल्या. औषधाच्या पट्टीवरची तारीख कुणाला पाठ असते? गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, मुदत, खात्यातली शिल्लक, हे या सहायकांच्या भरवशावर सोडू नका. डोळस माणसाला विचारा, किंवा औषधाच्या दुकानदाराला. अनोळखी स्वयंसेवकाला कॅमेऱ्यातून दाखवून मदत मागायची ॲपही आहेत. दुधाच्या पिशवीचा रंग विचारायला उत्तम. त्यांच्यासमोर बँकेचं कार्ड किंवा ओटीपी कधीही धरू नका.

या सगळ्यानंतर पुस्तक मिळवायचा उरतो तो एक मार्ग, जो मला सगळ्यात उशिरा सुचला आणि सगळ्यात स्वस्त आहे: प्रकाशकाला थेट पत्र लिहायचं. छापील पुस्तक विकत घ्या, पावतीची प्रत जोडा, अपंगत्वाचा दाखला जोडा, २०१२ च्या दुरुस्तीचा उल्लेख करा, आणि छपाईसाठी तयार केलेली अंतिम फाइल मागा. पीडीएफ मागू नका, अक्षरजुळणीची मूळ फाइल मागा. काहींकडून उत्तर येत नाही. एका छोट्या प्रकाशकाने मात्र दुसऱ्याच आठवड्यात पेन ड्राइव्ह पाठवला, सोबत चिठ्ठीत फॉन्टचं नाव आणि तो सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीतला आहे तेही लिहिलेलं. तुम्ही लिहाल तेव्हा ही माहिती पत्रातच मागून ठेवा. तेवढी हातात असली की रूपांतर करून देणाऱ्याचं काम तासाभरात उरकतं. नसली तर तो अक्षराला अक्षर लावत बसतो आणि पुस्तक येईपर्यंत परीक्षा होऊन जाते.