थाळनेरचा किल्ला

सहलीची गोष्ट निघाली की चोपड्याची मुले अजिंठ्याचे नाव घेत. एका हिवाळ्यात मी थाळनेरचे नाव काढले, तेव्हा पुष्कळांचे चेहरे उतरले. "गुरुजी, तेथे पाहण्यासारखे काय आहे?" असे एकाने विचारलेही. मी काहीच उत्तर दिले नाही.

सातपुडा उजव्या हातास ठेवून आमची गाडी पश्चिमेकडे निघाली. केळीच्या बागा मागे पडल्या. अनेर नदी ओलांडली आणि धुळे जिल्हा लागला. पूर्वी सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे याच भागातून जात. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाच्या एका फ्रेंच जवाहिऱ्याने या मार्गावरील मुक्कामांची नावे लिहून ठेवली. त्याच्या ग्रंथात थाळनेर आणि चोपडे ही नावे एकापाठोपाठ येतात. आपल्या गावाचे नाव परदेशी ग्रंथात आहे हे ऐकून मुलांचे चेहरे पुन्हा खुलले.

थाळनेर हे तापीच्या उत्तर तीरावरील लहानसे गाव. या गावाने एके काळी राज्य पाहिले आहे, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. इ. स. 1370 मध्ये दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने मलिक राजा फारुकी यास थाळनेरचा प्रांत दिला, आणि खानदेशच्या फारुकी राज्याचा पाया येथे घातला गेला. 1399 साली मलिक राजा मरण पावला. त्याच्या दोन मुलांत वितुष्ट आले. 1417 मध्ये थोरल्या नसीरने माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन धाकट्या भावाकडून थाळनेर हिसकावून घेतले. पुढे राजधानी बऱ्हाणपुरास गेली आणि थाळनेरचे वैभव ओसरले. काही फारुकी राजांच्या कबरी मात्र येथे आहेत. त्यांतील एक अष्टकोनी वास्तू नक्षीकामाने सजलेली आहे. मुली तिच्याभोवती बराच वेळ रेंगाळल्या.

किल्ल्यावर चढताना प्रथम काही नवल वाटत नाही. तटाचा बराचसा भाग ढासळला आहे. पण कडेला उभे राहून खाली पाहिले की जुन्या लोकांनी ही जागा का निवडली ते कळते. एका अंगास तापीचे पात्र, उरलेल्या तीन अंगांस रुंद घळ. या घळीपासून तट सुमारे 60 फूट उंच होता. आत जाण्याची वाट एकच, पूर्वेकडून. आणि त्या वाटेवर एकामागून एक असे पाच दरवाजे. वळणावळणाची ती वाट जेथून वर येई तेथे मी मुलांना बसविले आणि 27 फेब्रुवारी 1818 या दिवसाची हकीकत सांगितली.

होळकरांच्या गादीवर तेव्हा दुसरे मल्हारराव होते. त्यांचे वय जवळजवळ तुमच्याएवढेच, अकरा-बारा वर्षांचे. महिदपूरच्या लढाईत त्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोर येथे तह होऊन खानदेशातील त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. तो ताब्यात घेण्यासाठी सेनापती हिस्लॉप थाळनेरपाशी आला. किल्लेदार तुळशीराम मामा यास त्याने पत्र धाडले : किल्ला तहाने आमचा झाला आहे, प्रतिकार केल्यास तुम्हांस बंडखोर समजू. पत्राला उत्तर आले नाही. तटावरून बंदुका मात्र झडू लागल्या. मग इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. बाहेरचे दरवाजे पडले, तेव्हा किल्लेदार स्वतः बाहेर येऊन शत्रूच्या स्वाधीन झाला.

आतल्या दरवाजाची दिंडी उघडी होती. काही इंग्रज अधिकारी थोड्या शिपायांसह तिच्यातून वाकून आत गेले. आत अरब शिबंदी उभी होती. यांची भाषा त्यांना कळेना, त्यांची यांना. कोणी हत्यारे काढून घेऊ लागला, कोणाला तो दगा वाटला. क्षणात तलवारी उपसल्या गेल्या. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. बाहेरचे सैन्य आत घुसले आणि सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापून काढण्यात आली. त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी देण्यात आले.

येथे मला माझीच एक गोष्ट आठवली. मी या भागात नवखा होतो, तेव्हा वाटेत एका शेतकऱ्याने अहिराणीत विचारले, "गुरुजी, कथा चालनात?" मला वाटले, गावात कोठे कथाकीर्तन चालू आहे का, असे ते विचारतात. मी म्हटले, "आज नाही, एकादशीला आहे." बिचारे पाहतच राहिले! 'कोठे निघालात' एवढेच त्यांना विचारायचे होते. मुले खूप हसली. मग हळूहळू शांत झाली.

"गुरुजी, दिंडीत झटापट झाली तेव्हा किल्लेदार कोठे होता?" एका मुलीने विचारले.

"बाहेर. इंग्रजांच्या ताब्यात."

"मग फाशी त्याला का?"

हाच प्रश्न इंग्लंडातही विचारला गेला. मार्च 1819 मध्ये तेथील पार्लमेंटाने हिस्लॉप व त्याच्या सैन्याचे आभार मानले. परंतु थाळनेरच्या किल्लेदाराला दिलेल्या फाशीविषयी या ठरावाने आम्ही कोणतेही मत देत नाही, असे स्पष्ट नोंदविले. हिस्लॉपचे म्हणणे, आधी बजावले असूनही त्याने प्रतिकार केला आणि पुढे दगा झाला.

परतताना गाडीत मुलांचे दोन तट पडले. पत्राला उत्तर न देणे हीच किल्लेदाराची चूक, असे काही म्हणत. स्वाधीन झालेल्या माणसाला मारणे न्याय नव्हे, असे त्या मुलीचे म्हणणे. दोन्ही बाजूंनी मला पंच होण्यास सांगितले. अनेर आली तरी वाद चालूच होता.