ऋतुऋतूंतील पक्षिगणना

पक्षी ओळखणें ही एक विद्या आहे व पक्षी मोजणें ही दुसरी. पहिलीला डोळा तरबेज लागतो. दुसरींत डोळ्याबरोबर मनाचा खरेपणाहि कसाला लागतो. आकाशांतून जाणारा थवा पाहून "पुष्कळ होते" असें कोणीहि म्हणेल. परंतु पुष्कळ म्हणजे किती, गतवर्षापेक्षां अधिक कीं उणे, आणि उणे असल्यास कां, हे प्रश्न ज्याला पडतात त्यानें सृष्टिशास्त्राच्या उंबरठ्यावर पाऊल ठेविलें असें समजावें. ही मोजदाद कोणत्या ऋतूंत, कशी व कशासाठीं करितात याचा विचार आज करूं.

या कामाचा एक प्रसिद्ध आरंभ नाताळाच्या दिवशीं झाला. अमेरिकेंत पूर्वीं नाताळच्या सुटींत कांहीं मंडळी दोन तट करून बंदुका घेऊन रानांत जात, आणि जो तट अधिक जीव मारून आणील तो जिंकला असें ठरवीत. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, या सणाला पक्षी मारण्याऐवजीं मोजावे. त्याप्रमाणें १९०० सालच्या २५ डिसेंबरला २७ जणांनीं २५ ठिकाणीं मोजणी केली व सुमारें ९० जातींची नोंद झाली. ती प्रथा अद्यापि चालू आहे, आणि शंभरांहून अधिक वर्षांचें एक मोठें दप्तर तिच्यामुळें जमलें आहे.

आपल्या देशांत पाणपक्ष्यांची अशीच गणना १९८७ सालापासून दर जानेवारींत होते. जानेवारीच कां? तर हिंवाळ्यांत हिमालयापलीकडील प्रदेश गोठतात, तेथील बदकें व पाणथळींतले पक्षी दक्षिणेस उतरतात, आणि जानेवारीपर्यंत त्यांची ये-जा थांबून ते एका ठिकाणीं स्थिरावतात. ये-जा चालू असतां मोजलें तर एकच थवा दोन तळ्यांवर दोनदां मोजला जाण्याचें भय असतें.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांतील नांदूर मधमेश्वर हें या कामाचें उत्तम स्थळ होय. तेथें गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा आहे. त्याच्या पाण्यांत वर्षानुवर्षें गाळ सांचून उथळ पाणी, चिखलाचीं बेटें व लव्हाळ्यांचीं बनें तयार झालीं. उथळ पाण्यांत शेकाट्या व चमचा, खोल पाण्यांत पाणकावळा, तरंगत्या पाल्यांत वारकरी व जांभळी पाणकोंबडी, आणि मोकळ्या पाण्यावर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे पाहुणे, अशी प्रत्येकाची जागा जणूं वांटून दिलेली असते.

मोजण्याची रीत अशी. सकाळच्या वेळीं, सूर्य पाठीशीं येईल अशी जागा धरावी. सूर्य समोर असल्यास सर्व पक्षी काळेच दिसतात. एकानें दुर्बिणींतून पाहावें व दुसऱ्यानें लिहावें. थवा लहान असल्यास एकेक पक्षी मोजावा. मोठा असल्यास प्रथम शंभर पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात हें डोळ्यांत भरून घ्यावें, आणि मग तेवढे तेवढे भाग साऱ्या थव्यावरून मोजीत जावें. दरवर्षीं तीच जागा, तीच वेळ व तितकाच अवधि असावा. नाहींतर एका वर्षाचा आंकडा दुसऱ्या वर्षाच्या आंकड्याशीं ताडून पाहतां येत नाहीं. जात ओळखूं आली नाहीं तर "अनोळखी बदकें ४०" असें लिहावें. ओळखल्याचा आव आणूं नये. आणि जो पक्षी दरवर्षीं दिसे तो यंदा दिसला नाहीं, तर त्याच्यापुढें शून्य मांडण्यास विसरूं नये. नवशिके हें शून्य गाळतात, परंतु पुढें कधीं कधीं तेंच सर्वांत मोलाचें ठरतें.

आंकड्यांस एवढें महत्त्व कां, याचें एक उत्तर कायद्यांत आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं १९७१ सालीं इराणांतील रामसर या शहरीं राष्ट्रांचा करार झाला. त्याच्या यादींत नांव येण्याच्या ज्या कसोट्या आहेत, त्यांपैकीं दोन निवळ मोजणीवर अवलंबून आहेत: त्या ठिकाणीं नियमानें २०,००० पाणपक्षी असावे, किंवा एखाद्या जातीच्या समुदायापैकीं शेंकडा १ तरी पक्षी असावे. ज्या तळ्यावर कोणी मोजलेंच नाहीं, त्याची बाजू या कसोट्यांपुढें कशी मांडणार? नांदूर मधमेश्वर या यादींत आल्याचें जानेवारी २०२० मध्यें जाहीर झालें; महाराष्ट्रांतील तें पहिलेंच स्थळ होय.

पावसाळ्यांतलें काम निराळें. त्या ऋतूंत पुष्कळ देशी पक्षी वीण करितात, म्हणून थव्यापेक्षां घरट्याकडे लक्ष द्यावयाचें. १९३० सालच्या पावसाळ्यांत डॉ. सालिम अली यांनीं अलिबागजवळ किहीम येथें सुगरणीच्या घरट्यांवर पहारा ठेविला. त्यांना त्या वेळीं नोकरी नव्हती. वेळ मात्र होता, आणि त्यांनीं तो वायां घालविला नाहीं. त्यांस दिसून आलें कीं, घरटें नर विणतो. तें अर्धें झालें म्हणजे माद्या येऊन पारखतात. मादीनें पसंत केल्यावरच नर तें पुरें करितो, आणि मग दुसरें विणावयास घेतो. गांवोगांवच्या मुलांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिलेलें तें घरटें. पण रोज बसून, पाहिलेलें लिहून ठेविल्यामुळेंच त्याचें मर्म उलगडलें.

आतां एक दुःखद उदाहरण. गिधाडें पूर्वीं इतकीं होतीं कीं तीं मोजावीं असें फारसें कोणास वाटत नसे. तरीहि राजस्थानांत भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत १९८० नंतरच्या दशकांत त्यांची गणना झाली होती. विभू प्रकाश यांनीं पुढील वर्षांत तेथेंच पुन्हां मोजणी केली, तेव्हां शेंकडा ९५ हून अधिक गिधाडें नाहींशीं झालेलीं आढळलीं. हें त्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. हा प्रकार एका उद्यानापुरताच कीं सर्व देशाचा? सुदैवानें १९९१ ते १९९३ या काळांत संशोधकांनीं ठराविक रस्त्यांनीं जाऊन सर्वच शिकारी पक्ष्यांची नोंद केली होती. २००० सालीं त्याच रस्त्यांनीं पुन्हां मोजलें, आणि भय खरें ठरलें. १९९२ सालीं पांढऱ्या पाठीचीं गिधाडें जेथें हजार होतीं, तेथें २००७ सालीं एक उरलें. गुरांना वेदना शमविण्यासाठीं देत असलेलें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या जनावरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाई व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करी, असा शोध २००३ सालीं पाकिस्तानांत लागला, आणि २००६ सालीं आपल्या देशांत गुरांसाठीं तें औषध बनविण्यास बंदी झाली. पहिल्या मोजणीच्या वेळीं त्या आंकड्यांचा पुढें काय उपयोग होईल हें कोणासहि ठाऊक नव्हतें. तरी त्यांनीं नीट मोजलें व नीट लिहिलें, म्हणून संकट किती मोठें आहे तें कळलें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस हें काम आजपासून करितां येईल. गांवचें तळें, ओढ्याचा कांठ किंवा शाळेजवळचा एखादा पिंपळ निवडा. आठवड्यांतून एकदां, ठरलेल्या वेळीं अर्धा तास तेथें उभे राहा. वहींत तारीख, वेळ, आभाळाची स्थिति, पक्ष्याचें नांव व संख्या एवढेंच लिहा. पावसाबरोबर चातक प्रथम कधीं ऐकूं आला, पाऊस सरल्यावर पांढरा धोबी प्रथम कधीं दिसला, या तारखा अवश्य टिपा. घरट्यास हात लावूं नका, अंडीं आणूं नका. ज्याची मोजणी करावयाची त्याला इजा करून कसें चालेल?

पालकांस एवढीच विनंति कीं, यानें मुलांचा अभ्यास बुडतो असें मानूं नये. या कामास एक वही, एक पेन्सिल व थोडा धीर लागतो. जें पाहिलें तेवढेंच लिहावें, न पाहिलेलें लिहूं नये, आणि कंटाळा आला म्हणून आंकडा फुगवूं नये, हें वळण ज्या मुलाच्या हातास लागलें, त्याला गणितांत, व्यापारांत व साक्ष देतांनाहि तें उपयोगीं पडेल. पहिल्या वर्षाच्या वहींतून फारसें कांहीं निष्पन्न होणार नाहीं; ती जपून ठेवावी. पांच वर्षांनीं शेजारीं तशाच पांच वह्या असल्या, म्हणजे आपल्या गांवच्या तळ्याची खरी हकीकत सांगणारें दप्तर आपल्या घरीं तयार झालें असेल.