द्रवसंतुलनाचा जमाखर्च

प्रौढ मनुष्याच्या शरीरात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असते, हे आपण शाळेतच शिकतो. रक्तातील सोडियम लिटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल या मर्यादेत राहावे लागते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. वाणिज्य शाखेतून आलेल्या मजसारख्या प्रशासकास हा विषय खतावणीच्या भाषेत लवकर उमगला. पाणी आणि मीठ ही दोन निरनिराळी खाती आहेत. एकातील तूट दुसऱ्यात जमा करून भरून निघत नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशात मिळाला. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते द्रावण रुग्णांना तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. ते पिंपांत भरून ठेवले जाई आणि रुग्णांचे नातेवाईकच ते पाजीत. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. साहित्याचा खर्च लिटरमागे ११ पैसे! हिशेबाच्या दृष्टीने याहून किफायतशीर उपचार माझ्या वाचनात नाही.

यामागील शास्त्र असे की, पटकीने आतडे कितीही हैराण झाले तरी ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषून घेण्याची त्याची क्षमता शाबूत राहते, आणि सोडियमच्या मागोमाग पाणी आत येते. नुसत्या पाण्याने हे साधत नाही. पुढे २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सोडियम व ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असलेले सौम्य मिश्रण स्वीकारले. म्हणूनच पाकीट जितक्या पाण्यासाठी असेल तितक्याच पाण्यात ते विरघळवावे. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजणे बालकास घातक ठरू शकते.

जमेची बाजू फुगली तरी ताळेबंद बिघडतोच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपविलेल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले; त्यांपैकी १३ टक्के जणांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी भरले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन धावताना वाढले होते, म्हणजे जे घामाहून अधिक प्याले होते, त्यांना धोका विशेष होता. सोडियम फार झपाट्याने घसरल्यास मेंदूला सूज येते व प्राणावर बेतते. आपल्याकडेही आता पहाटेच्या शर्यतींना गर्दी होते. निरोगी धावपटूने तहानेप्रमाणे प्यावे, घोटांची शर्यत लावू नये, असा तज्ज्ञांचा कौल आहे.

रुग्णालयात मात्र केवळ तहानेवर विसंबता येत नाही. वृद्धांची तहान मंदावलेली असते. हृदय व मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांना पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. यासाठी खाटेशी आवक-जावक तक्ता ठेवतात. त्यात सलाइन, चहा, पेज, लघवी, उलटी, निचरानळीतील स्राव अशी प्रत्येक नोंद मिलिलिटरमध्ये होते. घाम व श्वासावाटे जाणारे पाणी मोजता येत नाही, म्हणून रोज ठरल्या वेळी वजनही घेतात; एका दिवसात वाढलेला वा घटलेला किलो हा बहुधा लिटरभर पाण्याचाच असतो. परिचारिकेने वजनकाटा आणला की रुग्ण कुरकुरतात, ते यापुढे कुरकुरणार नाहीत अशी आशा आहे.

या तक्त्यात सर्वाधिक गळती होते ती भेटीच्या वेळेत. आस्थेने आणलेले शहाळे नोंदीविना पाजले जाते. त्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते. तरी आप्तेष्टांस विनंती की, काहीही पाजण्यापूर्वी परिचारिकेस विचारावे व पाजल्यावर किती ते सांगावे. तक्त्यातील तो एक आकडा पाहूनच डॉक्टर रात्रीच्या सलाइनचा वेग ठरवितात.