आजार पालकाचा, कलंक मुलाचा
‘वेड्याचा मुलगा’ ही हाक ऐकणारे मूल हळूहळू मित्रांना घरी बोलावणे सोडते. पुढे सोयरीक जुळवितानाही तोच प्रश्न उभा राहतो. वस्तुतः मनोविकार स्पर्शजन्य नाही. छिन्नमनस्कतेत आनुवंशिकतेचा वाटा असतो. तथापि आई-वडिलांपैकी एकास ती असली, तरी १० पैकी सुमारे ९ अपत्यांना ती होत नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनोविकारास शारीरिक आजाराच्या बरोबरीने लेखले आहे. उपचार घेणाऱ्या मातेपासून ३ वर्षांखालील मूल सामान्यतः दूर करू नये, असेही त्यात म्हटले आहे.

कायद्याने दिलेला हा मान शाळेत व शेजारातही मिळावयास हवा. शिक्षकांनी अशा मुलास आजार साध्या शब्दांत समजावावा. तो त्याच्यामुळे झालेला नाही, हे पटवावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कुटुंबास विनामूल्य सल्ला मिळतो.