पेटीच्या पुढचं शिक्षण

खटाव, माण किंवा आटपाडीकडच्या घरात दृष्टिहीन मूल असलं, की पाहुण्यारावळ्यांचा सल्ला ठरलेला असतो : "त्याला पेटी शिकवा, अशा मुलांना सूर उपजतच असतो." सल्ला मायेपोटी येतो, हे कबूल. पण त्यातला पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा चुकीचा. डोळे नसले म्हणून सूर मिळत नाही. कानावर जास्त विसंबावं लागतं म्हणून कान तयार होतो, तोही रियाज केला तरच. गाण्याची आवड नसलेलं दृष्टिहीन मूल वाणिज्य शिकेल, कायदा शिकेल; त्याच्या गळ्यात पेटी अडकवू नका. आवड असेल तर मात्र पेटीवर थांबू नका. सप्ताहात भजनाला साथ करणाऱ्याला मान मिळतो, शाल-नारळ मिळतो, महिन्याची मिळकत मिळेलच असं नाही. मिळकतीची नवी कामं ध्वनिमुद्रण, संकलन आणि संगीत संयोजन यांत आहेत, आणि ही तिन्ही कामं आज पडद्याकडे न बघता संगणकावर करता येतात.

खटाव तालुक्यातल्या औंधच्या पालकांना हे सांगताना एक सोय आहे. बाहेरच्यांना औंध माहीत असतं ते यमाईच्या डोंगरामुळे आणि राजा रविवर्म्याची चित्रं असलेल्या भवानी संग्रहालयामुळे, म्हणजे पाहण्याचं गाव म्हणून. पण ऐकण्याची परंपराही इथे तितकीच जुनी आहे. संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तन करत. दरबारी गायक अंतुबुवा जोशी इथलेच. त्यांचे चिरंजीव पंडित गजाननबुवा जोशी गायक होते आणि व्हायोलिनवादकही. शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ आश्विन वद्य पंचमीला भरणारा औंधचा संगीत महोत्सव या घराण्यानेच उभा केला. पालकांनी मुलाला वर्षातून एकदा तरी तिथे नेऊन बसवावं. गाणं तर ऐकायचंच, पण माइक कुठे लावलाय, तबला कुठून येतोय, तंबोरा मागे का पडला, हेही विचारत राहायचं. ध्वनिमुद्रणाचा पहिला धडा तोच.

दुसरं उदाहरण कृष्णाकाठचं. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले आणि गाणं शिकायला ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गेले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची सांगत नाहीत. पलुसकर नुसते गायले असते तर मोठे गवई म्हणून राहिले असते. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी बसवली, पाठ्यपुस्तकं छापली. गळ्याबरोबर त्यांनी गाण्याची व्यवस्था हातात घेतली. आजच्या मुलाच्या बाबतीत ही व्यवस्था म्हणजे संगणक.

आता तांत्रिक भाग. पालकांनीही तो वाचावा, कारण पैसे तुमचे जाणार आहेत.

मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी आणि संगणकाशी बोलण्याची पद्धत. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं पहिल्यांदा या पद्धतीने जोडून दाखवली गेली, आणि आजही तीच चालते. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कोणती पट्टी, किती जोरात, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, एवढंच जातं. जोर ० ते १२७ अशा आकड्यांत. म्हणजे हे ध्वनिमुद्रण नव्हे, ती नोटेशनची वही आहे; तीच वही संगणक आधी पेटीला वाचायला देईल आणि मग सतारीला. चुकलेला एक सूर सुधारायला पूर्ण गाणं पुन्हा वाजवावं लागत नाही. दृष्टिहीन मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की ही वही सगळी आकड्यांची आहे, आणि आकडे बोलून दाखवता येतात.

तरीही बरीच वर्षं दार बंद होतं. टेपच्या काळात बटणं हाताला लागत. ध्वनिमुद्रण संगणकावर गेलं आणि सगळं काम माउसने, रंगीत लाटा बघून करायचं झालं. ते दार उघडायला दृष्टिहीन लोकच पुढे आले. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये एनव्हीडीए हा पडदावाचक सुरू केला, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन. विंडोजवरचं सगळं बोलून दाखवणारा हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि त्यात मराठी आवाजही आहे. (आवाज यंत्रासारखा आहे. आजीला आवडणार नाही, मुलाला आठवड्यात सवय होते.) पुढे याच टेह यांनी रीपर या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरसाठी ओसारा नावाचं जोडसॉफ्टवेअर लिहिलं. तेही फुकट.

रीपर आणि ओसारा ही जोडी आज सुरुवातीला सगळ्यांत शहाणपणाची, असं माझं स्पष्ट मत आहे. वर-खाली बाण दाबला की ट्रॅकचं नाव ऐकू येतं. ट्रॅक गप्प करणं, एकटा ऐकणं, मुद्रणासाठी तयार ठेवणं, प्रत्येकाला एकेक कळ आहे. मिडीच्या संपादनात बाणाने एकेका सुरावर जाता येतं आणि सुराचं नाव कानावर पडतं. आवाज ठरवलेल्या डेसिबलच्या वर गेला तर ओसारा बोलून टोकतं. डोळस माणसाला लाल दिवा दिसतो, त्या जागी हे. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा, म्हणजे साधारण पाच-साडेपाच हजारांचा. चोरून आणलेलं महागडं सॉफ्टवेअर 'मित्राने टाकून दिलंय' म्हणून वापरू नका. त्यात व्हायरस येतो हे एक, आणि पुष्कळदा ते पडदावाचकाशी बोलतच नाही.

घरात मॅक असेल तर त्यातला व्हॉइसओव्हर हा पडदावाचक आणि गॅरेजबँड हे ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअर हा चांगला मार्ग आहे. पुढे लॉजिक प्रो. एबलटन लाइव्हनेही २०२४ मधल्या बाराव्या आवृत्तीत पडदावाचकाची सोय केली. पण खटाव तालुक्यातल्या किती घरांत मॅक असतो? जुना विंडोज लॅपटॉप असेल तर त्यात रॅम वाढवा, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा आणि कामाला लागा.

आता क्रम, कारण पालक नेमके इथे चुकतात. मुलगा खूश व्हावा म्हणून आधी मोठा मिडी कीबोर्ड येतो. तो वाजतो, घर आनंदतं आणि गाडी तिथेच थांबते, कारण मुलाला संगणकाचा साधा कीबोर्ड येत नसतो. माझा आग्रह उलटा आहे. आधी टायपिंग, मग पडदावाचक, मग फायली आणि फोल्डर, मग रीपर. पहिलं वर्ष असंच जाऊ द्या. मेनू इंग्रजीत असतात, त्यामुळे भरभर बोललेलं इंग्रजी ऐकून समजण्याची सवयही याच वर्षात लागायला हवी. इंग्रजीत निबंध लिहिता आला नाही तरी चालेल. पेटी किंवा गाणं शेजारी चालूच ठेवायचं. ते सुटलं तर बाकीचं सगळं व्यर्थ.

मिडी कीबोर्डचं म्हणाल, तर कदाचित तो तुमच्या घरात आहेच. शाळेच्या गॅदरिंगला वाजवायला घेतलेल्या कॅसिओ किंवा यामाहाच्या मागे यूएसबीचं चौकोनी भोक आहे का, ते हाताने चाचपून बघायला सांगा. असेल तर प्रिंटरच्या केबलने तो संगणकाला जोडता येतो. वाद्यांची नावं बोलून दाखवणारे खास कीबोर्ड बाजारात आहेत, पण ते दुसऱ्या टप्प्यावर. वर्षभर काम करून मुलाने स्वतः मागितला, तर घ्या.

रीपरवरच्या पहिल्या महिन्यात दोन अडचणी हमखास येतात आणि त्या माहीत नसल्या तर मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो, ही पहिली. याचं कारण बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक साठवून घेतो तो तुकडा. तो १०२४ नमुन्यांचा असला तर एकट्या त्यामुळेच २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि हात अडखळतो. १२८ वर आणला की उशीर तीनच्या आसपास येतो. दुसरी अडचण डोळस शिक्षकाच्या कधी लक्षातच येत नाही. चांगला उशीरमुक्त आवाज मिळावा म्हणून रीपरला साउंड कार्ड पूर्ण ताब्यात दिलं, की पडदावाचकाची वाचा बसू शकते. मूल अंधारात चाचपडतं आणि शिक्षक म्हणतो, "अरे, सगळं चालू आहे की!" उपाय सोपा आहे : संगीतासाठी बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) ठेवा आणि एनव्हीडीएचा आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरमधून येऊ द्या.

एक खरी मर्यादाही सांगतो. पुष्कळ वाद्य-प्लगइन, म्हणजे रीपरमध्ये जोडायची वाद्यांची सॉफ्टवेअर, अजून नुसत्या चित्रांची बनलेली असतात. पडदावाचकाला तिथे काही सापडत नाही. ओसारा त्यांतल्या अनेकांची बटणं यादी करून वाचून दाखवतं, सगळ्यांची नाही. म्हणून विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती मुलाने स्वतः चालवून बघायची. 'सगळे हेच वापरतात' या वाक्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

गुरुजींचा आक्षेप येईल, की पट्ट्यांच्या वाद्यात मींड (सुरावरून सुरावर सरकत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाही. आक्षेप बरोबर आहे. याच कारणाने १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. मिडीत सूर वाकवण्याचं चाक असतं, १६,३८४ पायऱ्यांचं, पण चाकातून आलेल्या मींडेला गळ्याची सर नाही. म्हणून संयोजकाने सतार, बासरी, सनई शक्यतो खऱ्या वादकाकडून वाजवून घ्यावी. मिरजेत आजही तंबोरे आणि सतारी घडतात. त्या पंचक्रोशीत चांगला वादक शोधून सापडतो. कीबोर्डवर भरणा करायचा, जीव माणसाकडून घ्यायचा.

"पण पोट भरेल का?" हा खरा प्रश्न. एकाच कामावर सहसा भरणार नाही, चार कामं जोडून भरू शकतं. डोळस संगीतकाराचंही बहुधा असंच असतं, त्याचे आईबाप फक्त उशिरा विचारतात. सांगली ही मराठी नाटकाची भूमी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये तिथे 'सीता स्वयंवर' केलं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संघांना पार्श्वसंगीत लागतं आणि संगीताला बक्षीसही असतं. गावोगावच्या भजनी मंडळांना आपलं रेकॉर्डिंग हवं असतं, शाळांना गॅदरिंगचे ट्रॅक, पतसंस्थेला आणि उमेदवाराला जाहिरात. मराठी श्राव्यपुस्तकं आणि पॉडकास्ट वाढले, त्यांत श्वास, खोकला, चुकलेली वाक्यं कापण्याचं काम सतत असतं, आणि ते निव्वळ कानाचं काम आहे. म्हसवडचं माणदेशी तरंग आणि जतजवळच्या जालिहाळचं येरळावाणी ही सामुदायिक रेडिओ केंद्रं आपल्याच दुष्काळी पट्ट्यात आहेत. तिथे जाऊन काम कसं चालतं ते बघावं, उमेदवारी मिळते का विचारावं. वादक म्हणून तयारी झाली, तर आकाशवाणीच्या सांगली केंद्राकडे स्वरचाचणीची चौकशी करावी.

पदवी सोडू नका. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत दिल्या, तर संगीत शिक्षकाच्या वाटेवर आधार होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिलं, त्यात १ टक्का दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र लागतं. बारावीच्या सुट्टीत धावपळ करण्यापेक्षा ते आताच काढा. लॅपटॉपसाठी समाजकल्याण कार्यालयात आणि दिव्यांग वित्त व विकास महामंडळात चौकशी करा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून चालतं; पडदावाचक कुठे शिकावा, हे तिथे विचारता येईल.

मुलीच्या आईवडिलांना वेगळी काळजी असते : रात्री-बेरात्रीचा स्टुडिओ, अनोळखी माणसं. या कामात घरच्या एका खोलीतून पुष्कळ काही होतं. खिडकीला जाड गोधडी, चांगला हेडफोन, बरा माइक. फायली इंटरनेटवरून जातात. मात्र मुलगी घरात बसून काम करते म्हणून मोबदला घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात जमा होऊ देऊ नका. तिचं बँक खातं, तिचा मोबाइल, तिचा पासवर्ड.

आणि दर. गावात 'शिकतोय अजून, फुकट करेल' असं गृहीत धरलं जातं, दृष्टिहीन मुलाच्या बाबतीत जरा जास्तच. पहिली एक-दोन कामं ओळखीत करून द्यावीत. तिसऱ्यापासून दर आधी सांगायचा, निम्मे पैसे आधी घ्यायचे, बदल किती वेळा करून देणार ते व्हॉट्सॲपवर लिहून ठेवायचं. पूर्ण फाइल शिल्लक रक्कम आल्यावर. तोवर मधूनमधून बीप टाकलेली प्रत ऐकायला द्यायची. चाल स्वतःची असेल तर रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यावं, कारण २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला आहे. 'सर्व हक्क कायमचे दिले' अशी ओळ असलेल्या कागदावर मुलाचा अंगठा किंवा सही घेण्याआधी तो कागद पडदावाचकावर त्याने स्वतः ऐकलेला असला पाहिजे. छापील कागद आणला असेल तर टाइप केलेली प्रत मागून घ्या.